लाकडाचा मासा पोहायला कसा लागतो

घरी मासेमारीचं ल्यूर करायचं ठरवलं की बहुतेक जण आधी रंग विकत आणतात. मग एअरब्रश, खवले उठवायची जाळी, चिकटवायचे बारीक डोळे. लाकूड, वजन आणि पाणी यांचा विचार मागाहून होतो, आणि देखणा मासा पाण्यात सोडल्याबरोबर कुशीवर आडवा पडतो. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. रंग येणार आहे, पण बऱ्याच उशिरा.

ल्यूर म्हणजे कृत्रिम आमिष. धातूचे चमचे, फिरक्या, रबरी अळ्या, जड डोक्याचे जिग, सगळं त्यात येतं. इथला विषय मात्र माशाच्या आकाराच्या, नाकापुढे लिप, म्हणजे ओठासारखी पातळ पट्टी, असलेल्या कडक ल्यूरचा, म्हणजे क्रँकबेटचा. घरी घडवण्यासारखा आणि जुना झाला की पुन्हा रंगवण्यासारखा प्रकार हाच.

फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये असं ल्यूर कोरलं. मोठे मासे लहान माशांच्या थव्यातून नेमका जखमी, वेडावाकडा पोहणारा मासा उचलतात, हे त्याने पाहिलं होतं. त्याने बूट शिवणाऱ्याच्या सुरीने बूच तासलं, चॉकलेटभोवतीचा चंदेरी कागद वर गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा संरक्षक थर दिला. रंगकाम जवळजवळ नाहीच. त्याची सगळी धडपड ते जखमी डुलणं आणण्यासाठी होती.

हे डुलणं येतं कुठून? ल्यूर ओढलं की पाणी तिरक्या लिपवर आदळतं आणि नाक खाली दाबतं. म्हणून तरंगणारं ल्यूरसुद्धा ओढताना खोल जातं आणि दोरी सैल सोडली की वर येतं. पण खरी गंमत लिपच्या कडांवर आहे. तिथून पाणी दोन्ही बाजूंनी एकदम सुटत नाही. एकदा डावीकडे भोवरा सुटतो, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. प्रत्येक भोवऱ्याबरोबर धड एका बाजूला खेचलं जातं आणि दोरीच्या कडीभोवती झोके घेऊ लागतं. हे झोके वाढतच गेले तर ल्यूर उलटं होईल. होत नाही, कारण पोटात खाली बसवलेलं वजन त्याला दर झोक्यानंतर सरळ करतं. लिप बाजूला ढकलते, वजन परत आणतं. दोघांची ताकद जुळली की ल्यूर पोहतं. वजन कमी पडलं तर ते गरगर फिरतं. जास्त झालं तर डुलतच नाही, नुसतं सरळ ओढलं जातं.

माशाला हे डुलणं डोळ्यांनी दिसतंच, पण त्याच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदी रेषा असते आणि आसपासच्या पाण्याची थरथर तिला कळते. गढूळ पाण्यात किंवा रात्री मासा मुख्यतः तिच्या भरवशावर असतो. तिथे तुमच्या रंगाच्या सात छटा कोणी पाहत नाही.

लिप कशी बसवायची हे ल्यूर किती खोल न्यायचं आहे त्यावर ठरतं. ती धडाच्या रेषेत सरळ पुढे आली तर ल्यूर खोल जातं. खाली वळून काटकोनाकडे गेली तर उथळ राहतं. दोरीची कडी नाकावर असेल तर उथळ, लिपवर पुढे सरकवली तर खोल. धडाचा आकारही बोलतो. चपट्या कुशींचं धड आखूड, जलद थरथरतं, गोल पोटाचं रुंद आणि संथ डुलतं. पहिलंच ल्यूर करत असाल तर चपट्या कुशींचं करा. ते घडवायला सोपं आहे आणि लहानसहान चुका सहन करतं.

आता वजनाचा हिशोब. सगळ्या कामाचा कणा हाच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

कोणतीही वस्तू पाण्यात स्वतःच्या आकारमानाइतकं पाणी बाजूला सारते, आणि त्या पाण्याच्या वजनाइतका तिला वर लोटणारा जोर मिळतो. ल्यूरचं वजन या जोरापेक्षा कमी असेल तर ते तरंगतं, जास्त असेल तर बुडतं, आणि दोन्ही सारखे असतील तर जिथे सोडाल तिथे लटकून राहतं. थांबल्यावर असं अधांतरी राहणारं ल्यूर सुस्त, थंड पाण्यातल्या माशांसाठी फार उपयोगी पडतं, पण करायला सगळ्यात अवघड तेच.

वर लोटणारा जोर मोजायला फक्त एक डिजिटल काटा पुरतो. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. लिप, कड्या, गळ असं सगळं लावलेलं, पाणी शिरणार नाही असा थर दिलेलं ल्यूर बारीक तारेने पूर्ण पाण्याखाली दाबून धरा. ते भांड्याच्या बुडाला किंवा काठाला टेकता कामा नये. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी ल्यूरने सारलं. समजा आकडा १६ आला आणि कोरड्या ल्यूरचं वजन ९ ग्रॅम भरलं, तर मधले ७ ग्रॅम तुमच्या हातात आहेत. त्यातले ३-४ ग्रॅम पोटात भरलेत तर ल्यूर चांगलं तरंगेल, जवळजवळ सगळे भरलेत तर अधांतरी राहील. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, त्यामुळे तिथे याच ल्यूरला साधारण १६.४ ग्रॅमचा आधार मिळतो. म्हणजे नदीत बरोबर लटकणारं ल्यूर समुद्रात हळूहळू वर येतं.

लाकडाची निवड याच हिशोबात बसते. बाल्साचा एक घनसेंटिमीटर जेमतेम ०.१६ ग्रॅमच्या आसपास भरतो, वेस्टर्न रेड सीडरसारख्या हलक्या लाकडांचा ०.३५ ते ०.४. बाल्साच्या धडात खालच्या वजनाला भरपूर वाव राहतो, म्हणून त्याचं डुलणं चपळ असतं. पण बाल्सा नखानेही दबतं, त्यात स्क्रू टिकत नाही आणि दातांचे घाव लवकर खोल जातात. जड लाकडाचं ल्यूर टिकाऊ होतं आणि लांब फेकलं जातं, पण थोडं आळशी वाटतं. काही जण लाकूड सोडून पीव्हीसीच्या फेसाळ पाट्या वापरतात. त्या पाणी पीत नाहीत आणि त्यांना रेषाही नसतात, त्यामुळे दोन ल्यूर सारखी निघायची शक्यता वाढते. लाकडात तसं नसतं. एकाच फळीच्या दोन टोकांचं वजन वेगळं भरू शकतं.

पोटातल्या वजनासाठी शिसं सगळ्यात प्रचलित आहे. ६ मिलिमीटर व्यासाच्या, १ सेंटिमीटर खोल भोकात शिसं सुमारे ३.२ ग्रॅम मावतं, कथील २ ग्रॅम आणि टंगस्टन जवळजवळ साडेपाच. शिसं विषारी आहे. पाणपक्षी तळाचे खडे समजून ते गिळतात. ब्रिटनमध्ये राजहंस अशा विषबाधेने मरू लागल्यावर १९८७ मध्ये मासेमारीच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. ल्यूरच्या आत बंद केलेलं शिसं पक्ष्याच्या पोटात सहसा जात नाही, पण ते वितळवणाऱ्याच्या फुप्फुसात आणि हातांवरून पोटात जाऊ शकतं. शिवाय वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची तत्क्षणी वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं. घरात शिसं वितळवू नका. तयार गोळ्या एपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने, भोकात बसवा, नाहीतर कथील किंवा टंगस्टन घ्या.

घडवताना एक नियम इतर सगळ्यांपेक्षा जास्त लाकूड वाचवतो: ठोकळा चौकोनी असेपर्यंतच लिपची खाच आणि वजनाची भोकं करून घ्या. एकदा धड गोल झालं की त्याला सरळ बाजू उरत नाही आणि खाच काटकोनात आली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. खाच थोडी जरी तिरकी गेली तरी ल्यूर जन्मभर एका बाजूला पळतं. तेव्हा आधी ठोकळ्याच्या सगळ्या बाजूंवर मध्यरेषा मारा, कुशीवर माशाची बाह्यरेषा उतरवा, खाच पाडा, भोकं पाडा, आणि मगच करवत चालवा. बाह्यरेषा कापून झाल्यावर चारही कडा ४५ अंशांत सारख्या उतरवा, मग त्यातून उरलेल्या कडा, असं करत गोलाईकडे जा. सुरीने थेट गोल करायला गेलात तर दोन कुशी सारख्या होत नाहीत. शेवटी पॉलिश पेपर, १२० नंबरपासून ३२०पर्यंत.

लिपसाठी पॉलिकार्बोनेटची शीट घ्या. दिसायला तशीच असलेली अ‍ॅक्रिलिकची शीट दगडावर आपटली की तुटते. सर्किट बोर्डासाठी वापरतात ती पातळ फायबरग्लासची शीट आणखी चांगली, कारण पातळ, ताठ कडेवरून भोवरे स्वच्छ सुटतात. मात्र ती कापताना उडणारी काचेची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही. तोंडावर चांगला मास्क हवा आणि पाणी मारून कापलं तर उत्तम. लिप लगेच कायमची चिकटवू नका, नुसती बसवून पाहा. ती रंगानंतरही चिकटवता येते, आणि तोवर खाचेत कागदाची घडी भरून ठेवता येते.

गळ लटकवायच्या कड्यांसाठी दोन रस्ते आहेत. कडक लाकडात आटे असलेल्या तारेच्या कड्या एपॉक्सी लावून पिळून बसवल्या की झालं. बाल्सात किंवा मोठ्या माशांसाठी आरपार तार हवी, म्हणजे नाकापासून पोटातून शेपटीपर्यंत जाणारी एकच स्टीलची तार. धड फुटलं तरी मासा दोरीला राहतो.

यानंतर लाकूड बंद करायचं. बहुतेकांना हे काम कंटाळवाणं वाटतं आणि ते उरकलं जातं. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, फुगलं की रंगाला तडा जातो, तड्यातून आणखी पाणी शिरतं, आणि वजनाचा सगळा हिशोब कोलमडतो. पाणी सगळ्यात जास्त शिरतं ते लाकडाच्या रेषा जिथे उघड्या पडतात त्या नाका-शेपटीतून, आणि कड्यांच्या भोकांतून. पातळ एपॉक्सी, पातळ सुपरग्लू किंवा वूड सीलर, काहीही चालतं, पण भोकांच्या आतपर्यंत गेलं पाहिजे. पहिल्या थराने लाकडाचे तंतू उभे राहतात. ते हलक्या हाताने घासून दुसरा थर द्या.

आता टब किंवा बादली भरा. सगळं सामान लावून, वजनाच्या भोकात तात्पुरतं वजन मेणाने अडकवून ल्यूर पाण्यात ओढा. आडवं पडलं तर वजन वाढवा किंवा खोल बसवा. डुलत नसेल तर कमी करा. वजन पुढे सरकवलं की नाक झुकतं. मागे सरकवलं की ल्यूर लांब फेकलं जातं पण डुलणं मंदावतं. इथे घालवलेली दुपार वाया जात नाही. रंग लावल्यावर यातलं काहीच सुखासुखी बदलता येत नाही. समाधान झालं की वजन एपॉक्सीने कायमचं बसवा आणि भोक घासून सपाट करा.

आता रंग. सगळ्यात खाली पांढरा प्रायमर द्या, त्यावर वरचे रंग उजळ दिसतात. मग फिक्याकडून गडदाकडे जा: पोट, कुशी, शेवटी पाठ. बहुतेक मासे वरून गडद आणि खालून फिके असतात त्याला कारण आहे. उजेड वरून येतो, त्यामुळे पाठ उजळते आणि पोट सावलीत जातं. उलटी रंगसंगती हा फरक पुसून टाकते आणि मासा पाण्यात मिसळून जातो. ल्यूरवर तीच ठेवली की ते खऱ्या माशासारखं दिसतं. खवल्यांसाठी धडावर जाळी ताणून बसवा आणि वरून फवारा. चमक हवी असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर कानशीने आडव्या-उभ्या रेघा उमटवून ती कुशीवर चिकटवा. माझ्या मते कोणताही मोती-रंग तिच्या जवळ जात नाही. लाल रंगावर फार वेळ घालवू नका. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषून घेतं, आणि काही मीटर खोलीवर तो लाल करडा-काळा दिसतो. उथळ पाण्यातल्या ल्यूरच्या गळ्याशी लाल फराटा ठीक आहे. खोल जाणाऱ्या ल्यूरवर तो मारणाऱ्याच्या समाधानासाठी असतो. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग घरात वापरायला बरे; प्रत्येक थर हेअर ड्रायरने सुकवत गेलात की पुढचा थर लगेच देता येतो.

वरचा पारदर्शक थर सगळ्यांना छळतो. घरगुती कामासाठी हळू जमणारा दोन भागांचा एपॉक्सी सोयीचा. पॅकवर एकास एक लिहिलं असेल तर ते आकारमानाने की वजनाने हे नीट वाचा. राळ आणि हार्डनर यांची घनता सारखी नसते, त्यामुळे आकारमानाचं प्रमाण काट्यावर मोजलं की मिश्रण बिघडतं आणि थर कायमचा चिकट राहतो. हळू ढवळा, भांड्याच्या कडा खरवडत ढवळा, आणि मिश्रण भांड्यात साठवून ठेवू नका. एकत्र ढिगात ते स्वतःच तापतं आणि झपाट्याने घट्ट होतं. लावण्याआधी ल्यूरला उघड्या बोटांनी हात लावू नका. बोटांच्या तेलावरून एपॉक्सी मागे सरकतो आणि तिथे गोल खड्डे राहतात. लावून झालं की ल्यूर तासन्‌तास हळू फिरत राहायला हवं, नाहीतर सगळा थर ओघळून पोटावर जमतो. मिनिटाला चार-पाच फेऱ्या देणारी छोटी मोटर पुरते. गाड्यांसाठीचे दोन भागांचे क्लिअर कोट जास्त कडक आणि नितळ असतात, पण त्यांतल्या आयसोसायनेट या रसायनामुळे दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो. योग्य रेस्पिरेटर आणि मोकळी हवा नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

इतकं सगळं करून ल्यूर पहिल्या फेकीला एका बाजूला पळालं तर घाबरू नका. नाक आपल्याकडे करून धरा आणि ते ज्या बाजूला पळत होतं त्याच्या उलट बाजूला दोरीची कडी पकडीने अगदी किंचित वाकवा. किंचित म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकंच.

जुनं ल्यूर पुन्हा रंगवणं यापेक्षा सोपं वाटतं. तसं ते नसतं. पहिला प्रश्न, ते रंगवावं का? जुन्या लाकडी ल्यूरचे संग्राहक असतात आणि त्यांच्या लेखी मूळ रंग, ओरखड्यांसकट, नव्या रंगापेक्षा मोलाचा. फार जुनं, काचेच्या डोळ्यांचं ल्यूर हाती आलं तर आधी चौकशी करा. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून घासायचंच झालं तर पाणी लावून घासा, कोरडी धूळ उडवू नका.

रोजच्या वापरातलं ल्यूर असेल तर सुरुवात काट्यापासून. गळ आणि रिंगा काढून वजन लिहून ठेवा. मग साबणाने धुवा, आणि पोकळ प्लास्टिकचं असेल तर कानाशी हलवून पाहा. आत पाणी खळखळत असेल तर ल्यूर गरम, पण उकळतं नाही अशा पाण्यात बुडवा. आतली हवा फुगते आणि फटीतून बुडबुडे येतात. फट सापडली की पाणी काढून, वाळवून, एपॉक्सीने बंद करा. लाकडी ल्यूरला तडा गेलेला असेल तर ते आतून ओलं आहे असंच समजा. उबदार, कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं. त्याआधी थर दिलात तर ओल आत कोंडली जाते.

जुना रंग सगळा उतरवायचा का? पक्का बसलेला असेल तर गरज नाही. ४०० नंबरच्या पेपरने चमक घालवा, गळांनी पोटावर ओढलेले अर्धगोल ओरखडे भरून घ्या आणि त्यावर रंगवा. पोपडे निघत असतील तरच पूर्ण उतरवा. प्लास्टिकच्या ल्यूरला अ‍ॅसिटोन किंवा थिनर लावू नका, रंगाबरोबर धडही विरघळतं. लिपवर आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर तिच्या कडेवर एपॉक्सीचा जाड काठ जमतो. कड बोथट झाली की भोवरे नीट सुटत नाहीत आणि डुलणं मरतं.

पुन्हा रंगवल्याने ल्यूर जड होऊन बुडतं, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. एपॉक्सी पाण्यापेक्षा थोडाच जड असतो. १ ग्रॅमचा थर चढला तर आकारमानही वाढतं, आणि बुडवणारा निव्वळ फरक ग्रॅमच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याइतकाच पडतो. तरंगणाऱ्या ल्यूरला त्याचं काही वाटत नाही. अधांतरी राहणाऱ्याला वाटतं. ते हळूहळू खाली जाऊ लागतं. अशा वेळी एक नंबर लहान किंवा बारीक तारेचे गळ लावून हिशोब जुळवता येतो. दुसरा परिणाम जास्त त्रासदायक: थर पाठीवरही चढतो, म्हणजे वजन वरच्या बाजूला वाढतं आणि ल्यूर पूर्वीपेक्षा जास्त लोळू लागतं. म्हणून नव्या थराइतका जुना थर आधी घासून काढा, पाठीवरचा तर नक्कीच, आणि जाड एका थरापेक्षा पातळ दोन द्या.

एपॉक्सी हाताला कोरडा लागला तरी पुरता कडक व्हायला काही दिवस घेतो. तोवर गळ लावू नका, त्यांची टोकं थरात रुततात. आणि डब्यात ठेवताना रबरी अळ्यांपासून लांब ठेवा. त्या मऊ राहाव्यात म्हणून मिसळलेलं द्रव्य झिरपतं आणि रंग, एपॉक्सी, कधी कधी प्लास्टिकचं धडसुद्धा चिकट करून टाकतं.